सूपभर कोंड्याचं लेकरू

४ नोव्हेंबर, सोमवार

अंगणवाडीच्या स्नेहलताईनी ही वही दिली. म्हणाल्या, बाळाचं वजन वाढंना, कवा कवा पाजतीस ते लिवून आण. तेवढंच लिवायचं हुतं. सकाळी सहाला पाजलं. साडेआठला. अकराला. पर पेन हातात आल्यावर बाकीचं बी लिवावं वाटलं. सातवीनंतर पेन धरला न्हाई, चुकलं तर चुकलं.

आज ताईनी वजन करून पोरगं माझ्याकडं दिलं आणि रजिस्टर उघडून म्हणाल्या, "ह्याचं नाव काय गं?" दर सोमवारी त्याच लिवतात. मी म्हटलं, "पृथ्वीराज की, ताई." त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. "सापडंना बग. पानं चिकटली असतील."

घरात आमी त्येला कोंडू म्हणतो. आधीची दोन गेली, एक सातव्या दिवशी, एक महिन्यानं. म्हणून जूनमधी ह्ये झालं तवा आत्तीनी, म्हंजी माझ्या सासूनं, पाचव्या दिवशी त्येला सुपात घालून इकलं. सूपभर कोंड्याला. दुसऱ्याच्या मालकीचं लेकरू मरण न्हेत न्हाई, अशी रीत हाय. मलकापूरकडं आमच्या गावात असली इकलेली लई जण हायत, म्हातारी होऊन कट्ट्यावर बसल्यात. पाच महिनं झालं, कोंडू जगलाय. मला आणि काय पायजे?

६ नोव्हेंबर, बुधवार

खालच्या खोलीतल्या रत्नव्वा आज्जी निपाणीकडच्या. कोंडूला चाळीस दिस त्यांनीच पायावर घेऊन न्हाऊ घातलं. आज नळाला मी त्येला काखंत घेऊन गेलतो. आज्जी म्हणाल्या, "यार मगू गं हे? कुणाचं लेकरू सांभाळाय घेतलंस?"

मी हसलो. "आज्जी, चष्मा घाला की."

"घातलाय की गं यव्वा."

कोंडूनं रोजच्यागत त्यांच्याकडं झेप घेतली. आज्जीनी हात म्हागं ओढलं. "नगो बाई. त्येची आई रागवंल."

घागर अर्धीच भरून वर आलो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोबाईलमधी कोंडूचं फोटू हुतं, दीडशे तरी असतील. आज बगितलं. झोळी हाय, झोळीत काय न्हाई. आत्ती पायरीवर बसल्यात, हात असं वाकडं धरलेलं, जणू काय उचललंय, आणि हातात काय न्हाई. ह्यांचा फोटू हाय, खांद्याकडं मान वळवून हसत्यात. कुणाकडं बगून हसत्यात?

११ नोव्हेंबर, सोमवार

हे, म्हंजी माझा नवरा सम्राट, शिरोलीला फौंड्रीत हायत. पयली पाळी करून दुपारी आलं. कोंडू चटईवर पालथा पडून पाय झाडत हुता. ह्यांनी चप्पल काढता काढता इचारलं, "कुणाचं प्वार गं हे?"

मला चेष्टा वाटली. "रस्त्यात सापडलं. ठिवू काय?"

हे हसलं न्हाईत. "निशा, मला न इचारता दुसऱ्याची पोरं आणू नगो. काय कमीजास्त झालं तर आपल्या गळ्यात."

मी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. प्यालं नव्हतं. तासाभरानं भाकरी खाता खाता आपसूकच म्हणालं, "कोंडू आज गप कसा?" मी ताटावरनं उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पोलिस चौकीत गेलतो. हवालदार म्हणाला, "प्वार हरवलंय?" म्हटलं, न्हाई, काखंत हाय. "मग?" म्हटलं, लोकं त्येला इसरायला लागल्यात. त्यो पेन खाली ठिवून म्हणाला, "वैनी, माझ्या बायकोला माझा वाढदिस आठवत न्हाई. मी कुणाकडं तक्रार करू?"

मग दवाखान्यात. डॉक्टर म्हणालं, बाळंतपणानंतर बायकास्नी मनाचं असं हुतंय, ह्या गोळ्या घ्या. खरं असंल काय? मीच येडी झालोय काय? आधीची गेली तवा मी रिकामी झोळी हालवत बसायचो, आत्तीनी ती काढून ठिवली तरी हात हालायचा. पर तवा नसलेलं मला दिसायचं. आता असलेलं दुसऱ्यास्नी दिसंना झालंय. ह्ये एकच न्हवं.

दवाखान्यातल्या झाडूवाल्या मावशीनं माझं बोलणं ऐकलं हुतं. जिन्यात गाठून म्हणाली, "गोळ्या घेऊ नगो. लक्ष्मीपुरीत टायरच्या दुकानावर बायडाबाई बसती. आधी पोलिसात हुती, खात्यानं काढली. पोलिस जे लिवून घेत न्हाईत ते ती हुडकती." मग कानाशी म्हणाली, "तिच्या केसांकडं बगू नगो. रंकाळ्यात बुडून परत आलेली हाय, असं म्हणत्यात."

१३ नोव्हेंबर, बुधवार

बगू नगो म्हटलं तरी नजर तितंच गेली. बायडाबाई पन्नाशीची असंल. खाकी रंगाची साडी, आवाज बापय माणसागत. वेणी खुर्चीच्या म्हागं सोडलेली आणि तिच्यातनं पाणी गळत हुतं. खाली परात ठिवलेली. टप, टप. दुपारचे बारा, पंखा फुल, आणि केस न्हाऊन आल्यागत वलं.

मी रडाय लागलो तशी म्हणाली, "रडायचं ते जिन्यात रडून ये. हितं फरशी आधीच वली हाय."

जिन्यात गेलो, रडलो, परत आलो. तिनं बशीत चहा ओतून माझ्याकडं सरकवला आणि इचाराय लागली.

"कुणाला इकलं?"

"एक बाई खालनं चालल्या हुत्या. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कारड, खांद्याला ब्याग. आत्तीनी वरनं हाक मारली, बाई, आमचं लेकरू इकत घ्या की. त्या हसत वर आल्या."

"वळखीची?"

"हितं शहरात आमच्या वळखीचं कोण हाय?"

"गावाकडं कुणाला इकत्यात?"

"शेजारणीला. न्हायतर सुईणीला. रोज डोळ्याम्होरं असती तिला."

"मग?" म्हणाली. मी बशी तोंडाला लावली. "बरं. कोंडा कुणाचा?"

"त्यांच्याच ब्यागेत हुता."

बायडाबाईनं कप खाली ठिवला. "कोल्हापुरात ब्यागेत कोंडा घेऊन कोण हिंडतंय गं?"

मला पाच महिन्यात ह्ये सुचलं न्हाई. आत्तीस्नी बी न्हाई. आमाला आनंदच लई झालता.

"घेताना काय म्हणाली? 'घेतलं, आता माझ्या वतीनं तूच सांभाळ,' असं म्हणाली?"

"न्हाई. निस्तं 'घेतलं' म्हणाल्या आणि गेल्या."

"आणि कोंडा?"

"गावाकडं म्हशीला घालत्यात. हितं म्हस कुठली? आत्तीनी घंटागाडीत टाकला."

तिनं डोळं मिटलं. मग तिनं सांगितलं. मी तसंच लिवतो, इसरलो तर वाचाय.

प्वार माझ्याजवळ हाय पर इकलेलं हाय. ती बाई दुसऱ्या घराला देती, जितं मूल न्हाई तितं. उचलून न्हेत न्हाई. आधी वळख न्हेती. आमच्या माणसांतनं त्याची आठवण गळत जाती आणि त्या घरात भरत जाती. लांबची आधी इसरत्यात, मग जवळची. आईला शेवटी. "आणि आई इसरली," बायडाबाई म्हणाली, "की ती आपल्या पायानं जाऊन प्वार त्या घरात देऊन येती. सांभाळाय घेतलेलं परत केल्यागत. हसत देती. मी चार बगितल्यात."

"सोडवायचं कसं?"

"त्योच कोंडा त्याच बाईच्या अंगावर फेकला की सौदा मोडतोय. तू आता कचरा डेपोत हुडकणार का?"

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बायडाबाई घर बगायला येतो म्हणाली. येता येता एका मोबाईलच्या दुकानात थांबली. अमरसिंह मोबाईल. दुकानदार तिशीतला, गल्ल्यावरच लहान पोरगी बसवलेली. बायडाबाईनं काच मागितली, स्क्रीनवर लावत्यात ती. त्यो म्हणाला, "मावशी, गेल्या गुरुवारी तर न्हेली. इतक्यांदा फुटती कशी?" ती म्हणाली, "हातच तसला हाय." त्यानं काच लावूस्तवर ती निस्ती त्याच्या तोंडाकडं बगत उभी हुती. बाहेर आल्यावर काच काढून पर्समधी टाकली. पर्समधी तसल्या लई काचा हुत्या. माझं प्वार चाललंय आणि हिला काचांचा नाद. मला राग आला, पर बोललो न्हाई.

घरी आल्यावर तिनं उंबऱ्याजवळ बसून वेणी पिळली. पाणी फरशीवर पसरलं आणि पावलं उठली. आत्तीची, ह्यांची, माझी, सगळी एकावर एक. त्यातनं एका बाईची बुटाची पावलं भाईर गेलेली, आणि त्यांच्या कडंला बारकी, अनवाणी, पाच बोटांची. कोंडू अजून रांगत बी न्हाई.

आत्ती चुलीवरनं बोलल्या, "कोण गं ह्या? फरशी का भिजवाय लागल्यात?"

"महानगरपालिका," बायडाबाई म्हणाली. "गळती बगतोय."

रस्त्यावर बी ती वेणी पिळत चालली, मी म्हागं कोंडूला घेऊन. प्रचाराच्या रिक्षा ओरडत जात हुत्या, कुणाचं आमच्याकडं ध्यान न्हवतं. नागाळा पार्कात एका बिल्डिंगच्या लिफ्टपाशी पावलं थांबली. आज भाईरनंच परत आलो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बायडाबाईनं कुठनं तरी मतदानाच्या चिठ्ठ्या पैदा केल्या. आमी चिठ्ठ्या वाटणाऱ्या बायका. तिसऱ्या मजल्यावर एका बाईनं दार उघडलं. माझ्याच वयाची. गाऊनवर छातीपाशी दोन वले डाग. तसलं डाग मी रोज धुतो. मला कळलं.

"हळू बोला हं," ती म्हणाली. "पृथ्वी झोपलाय."

आत पाळणा हालत हुता. रिकामा. भिंतीवर फोटू. जोतिबाच्या पायऱ्यांवर तिचा नवरा, त्याच्या खांद्यावर माझा कोंडू, कपाळाला गुलाल. डाव्या कानाच्या पाळीला तीळ. माझ्या मोबाईलमधनं गेलेलं हितं भिंतीवर आलतं.

ती माझ्या काखंतल्या कोंडूकडं बगत ऱ्हायली. "किती गोड हाय. तुमचा?"

मला हो म्हणवंना. तिनं त्याच्या गालाला बोट लावलं आणि कोंडू हसला, दोन्ही हिरड्या दाखवून. मला हसतो तसाच. "आमची दोन गेली," ती आपणहून म्हणाली. "हा तिसरा. ह्याच्यावर लई जीव हाय."

खाली आल्यावर मी भिंतीला टेकलो. म्हटलं, मला वाटलंतं चोर सापडला की मी तिच्या झिंज्या धरीन.

"त्यास्नी काय म्हाईत न्हाई," बायडाबाई म्हणाली. "गिऱ्हाईकाला कधीच काय म्हाईत नसतंय."

१७ नोव्हेंबर, रविवार

त्या बाळाची झबली धुवून वाळत घातली. ऊन उतरलं की त्येला नागाळा पार्कात पोचवून येणार. लई दिस सांभाळलं. त्याची आई वाट बगत असंल. गुणी हाय प्वार. आपलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळ.

वरचं मी लिवलंय. अक्षर माझंच हाय. मला आठवत न्हाई.

मी रिक्षात हुतो. पिशवीत झबली घडी करून ठिवलेली. म्होरं मिरवणूक आडवी आली, रिक्षा थांबली, कोंडू रडाय लागला. गप करावं म्हणून पदराखाली घेतलं. त्यानं धरलं, आणि पान्हा आला तसं सगळं परत आलं. मी वरडलो. रिक्षावाला म्हणाला, काय झालं ताई? मी त्येला घर सांगितलं पर तोंडातनं नीट निघंना.

आत्ती पार इसरल्या. झोळी काढून त्यांनी पायपुसणं शिवाय घेतलंय. म्हणत्यात, एवढं चांगलं लुगडं कशाला टांगलंतंस?

१८ नोव्हेंबर, सोमवार

बायडाबाईला म्हटलं, मला त्या बाईकडं न्हे. ती नगो नगो म्हणत हुती. मग एकदम उठून चालाय लागली. कोर्टाच्या रस्त्याला झेरॉक्स, टायपिंग, प्रतिज्ञापत्राची दुकानं हायत, त्यातल्या एकाच्या म्हागच्या खोलीत. कुणाला पत्ता इचारावा लागला न्हाई. वेणी पिळावी लागली न्हाई.

तीच बाई. गळ्यात पट्टा, त्यावर मोना असं लिवलेलं. टेबलावर गणपती, पाण्याची बाटली, बाजूला कोंड्याचं पोतं. बायडाबाईला बगून म्हणाली, "बऱ्याच वर्षांनी. केस वाळले नाहीत अजून?" पोलिसात असताना गाठ पडली असंल दोघींची.

मी पाया पडलो. म्हटलं, आमचं चुकलं, आमी रीत म्हणून केलं, खरंच इकायचं न्हवतं.

"सगळे रीत म्हणूनच करतात," मोना मॅडम म्हणाल्या. आवाज लई मऊ. "मी जबरदस्ती केली का? तुमच्या सासूबाईंनी हाक मारली. मी कोंडा दिला. तुम्ही सूप पुढं केलं. कोंडा परत आणा, मी आत्ता सोडते."

"कोंडा न्हाई."

"मग वजनाला वजन. तुमच्या घरातनं एक जण कमी व्हायला लागतो. मुलगा नाही तर आई. आईची सगळ्यांच्या मनातली जागा मला द्या, मुलगा राहील. सगळ्यांना आठवेल, तुमच्या नवऱ्याला, सासूला, अंगणवाडीला. तुम्ही कुणाला आठवणार नाही."

"कोंडूला?"

"त्याला आधी."

"आणि मला त्यो?"

"तुम्हाला सगळं राहतं," त्या म्हणाल्या. "ते मला नको असतं."

बायडाबाईनं मला दंडाला धरून फरफटत भाईर काढलं आणि रस्त्यात थोबाडीत मारली. कोंडू दचकला. "ऐक," म्हणाली. "इसरून जा. दोन दिसात इसरशील. दुखत न्हाई. प्वार मोठ्या घरात वाढंल, तू दुसरं करशील. हे जे ती मागती ते दुखतंय. ते थांबत न्हाई."

"तुमास्नी काय कळतंय?" मी म्हटलं. "तुमाला लेकरू असतं तर असं बोलला नसता."

ती वेणी म्होरं घेऊन पिळत ऱ्हायली. पिळून पाणी संपत न्हवतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोनदा वही वाचावी लागली, हे कोण म्हणून. दुसऱ्यांदा वाचलं तरी पटंना. कानाचा तीळ बगून पटलं. उद्या पटंल का न्हाई काय म्हाईत.

नागाळा पार्कातली बाई वाईट न्हाई. तिच्याकडं ए.सी. हाय, लिफ्ट हाय. माझ्यापेक्षा चांगलं खायाला घालंल. ह्यो इचार मी केला. लिवू का नगो वाटलं, पर केला. आणि मग असं बी वाटलं की त्येला देऊन मी घरात ऱ्हायलो, भाकऱ्या थापल्या, ह्यांच्याबर हसलो, आणि आत कुठं तरी भोक हाय हे बी मला कळणार न्हाई. तसलं जगणं म्हंजी मेलेल्याला न्हाऊ घातल्यागत. आणि देऊन टाकलेलं तिथं जगंल का, ते कोण सांगणार? मोना मॅडम काय बघाय जाणार हायत?

त्यापरीस दुखलेलं बरं. आपल्या घरात, आपल्या बापाच्या मांडीवर ऱ्हावं त्यानं.

ह्यास्नी काय सांगायचं? ह्यास्नी आता कोंडूच न्हाई, उद्या मी नसंन. आज त्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं. म्हणालं, "आज काय इशेष?" म्हटलं, "काय न्हाई, वांगी चांगली मिळाली." तुमी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तुमास्नी म्हणून लिवतोय, कवा वाचलं तर. कोंडूला उजव्या कुशीवर झोप लागती. ताप आला की आधी तळपाय गरम हुत्यात, कपाळ न्हाई. त्येला हळू आवाजात बोललेलं आवडत न्हाई, भांडल्यागत बोललं की हसतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. फौंड्रीला सुट्टी. सकाळी शाळेत जाऊन मत देऊन आलो. साहेबानं यादीतनं माझं पूर्ण नाव मोठ्यांदा वाचलं, बोटाला शाई लावली. परत कोण वाचंल तसं?

दुपारी पंचगंगेच्या घाटावर. मी कबूल हाय म्हणून कळवलंतं, तशा मोना मॅडम पायरीवर रुमाल अंथरून बसल्या हुत्या. बायडाबाई लांब, झाडाखाली, पाठ करून. मेलेल्या माणसाच्या नावानं आंघोळ करत्यात तशी मला कोंडूच्या नावानं करायची हुती. माझ्यापुरता त्यो गेला, असं म्हणून तीन तांबे डोस्क्यावरनं. मी त्येला आधी पाजलं. पोटभर पाजलं. त्यो झोपंस्तवर थांबलो, मग कोरड्या पायरीवर निजवलं.

पयल्या तांब्याला काय झालं न्हाई. दुसऱ्याला घाटावर धुणं धुणाऱ्या बायांचा आवाज लांब गेल्यागत झाला. तिसऱ्याला बगतो तर हे पायऱ्या उतरून पळत येत हुतं, वरडत, "कोंडू, कोंडू." त्येला उचलून छातीशी धरलं. "आत्ता कुठं ठिवलं मी ह्येला, पाण्याजवळ, मला अक्कल हाय का?" असं स्वतःलाच म्हणत हुतं. मग माझ्याकडं बगितलं. वल्या साडीतली परकी बाई. मान खाली घालून म्हणालं, "ताई, तुमी ध्यान ठिवलंसा व्हय? लई उपकार झालं."

मी म्हटलं, व्हय.

रात्री बायडाबाईच्या खोलीवर झोपलो. तिला मातर मी आठवतो. कसं काय, ते सांगितलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई. तिनं मला कोरडं लुगडं दिलं आणि उशाला दुसरी परात आणून ठिवली. थंडी पडलीय, केस वाळंना झाल्यात.

२४ नोव्हेंबर, रविवार

बायडाबाई म्हणाली, जाऊ नगो, निदान महिनाभर जाऊ नगो. चार दिस कसं तरी काढलं. मधी एकदा नागाळा पार्काकडं बी चाललो हुतो, त्या बाईचं काय झालं असंल म्हणून. पाळणा तसाच असंल. तिला म्हाईत बी नसंल का टांगलाय ते. कोपऱ्यावरनं परत फिरलो.

आज दिवेलागणीला जिना चढलो. आमचाच जिना. दारात आत्ती, मांडीवर कोंडू. गालावर जरा मांस धरलंय.

"कोण पायजे, पावणं?" आत्ती म्हणाल्या.

"तांब्याभर पाणी मिळंल का?"

"मिळंल की. बसा. पाण्याला न्हाई कोण म्हणतंय?" गूळ बी दिला हातावर. बायडाबाईच्या खोलीत चार दिस कुणी बसा म्हटलं न्हवतं.

मी इचारलं, "नातू व्हय?"

"व्हय. पृथ्वीराज. आमी कोंडू म्हणतो. सोन्यासारखं हाय, वरचं दूध बी पचवतंय."

"आई?"

"गेली की ओ. बाळंतपणातच."

"कशी हुती?"

आत्तीनी सांगाय तोंड उघडलं. दाराकडं बगितलं, मग चुलीकडं, मग माझ्या पायाकडं. "चांगलीच असंल की," म्हणाल्या. तांब्या उचलून उगीच पुसला.

कोंडूनं माझ्याकडं बगितलं. निस्तं बगितलं, भिंतीकडं बगतंय तसं. मी भांडल्यागत बोलायचं ठरवून आलो हुतो, पर आत्तीम्होरं तसं बोलता येईना. छाती भरून आली, मी पदर ओढून घेतला. त्यानं ओठ काढला आणि रडाय लागला.

"नव्या माणसाला भितंय," आत्ती म्हणाल्या. त्येला फिरवून आत घेतलं. माझ्या तोंडाकडं एकदा नीट बगितलं, डोळ्याकडं. "बरं, या आता."

मी खाली आलो पर पाय निघंनात. वर आत्ती दृष्ट काढत हुत्या. मीठ, मोहऱ्या, वाळक्या मिरच्या. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, वाटंवरच्या बाईची, असं म्हणताना ऐकलं. आमच्यात म्हणत्यात, मिरच्या इंगळावर टाकल्या आणि ठसका उठला न्हाई तर समजायचं नजर लागलेली. उठला तर न्हाई. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी ऱ्हायलो. दोन लेकरं गेली तवा बी मी एवढा देव आठवला न्हवता.

मिरच्या टाकल्याचा चरचर आवाज आला. मग धूर. मग जिन्यातनं खाली असा ठसका उतरला की डोळ्यातनं पाणी आलं.

वर आत्ती खोकत खोकत कुणाला तरी म्हणाल्या, "न्हाई, काय न्हाई लागलेली. बिचारी पाण्यालाच आलती."

मी तोंडाला पदर लावून खोकत हुतो. वर कोंडू बी खोकला, एकदाच, बारीक. मग त्यांनी दार लावून घेतलं.